पंधरा वर्षांची कबर

सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस या चौकाला हे नाव मिळाले १८५८ साली. ब्रिटिश सिंगापूरचा संस्थापक स्टॅमफर्ड रॅफल्सला जाऊन तेव्हा बत्तीस वर्षे झाली होती. पाचपैकी चार मुले गमावलेला हा माणूस पंचेचाळीसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वारला, आणि लंडनजवळच्या हेंडनमधली त्याची कबर नेमकी कुठे आहे याचा पत्ता १९१४ मध्ये लागला. या चौकापासून चालत जाता येईल अशा फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवरची ख्रिस्ती दफनभूमी १८६५ मध्ये बंद झाली. तिथल्या कित्येक शिळा आता भिंतीत बसवलेल्या आहेत. १९९८ पासून तर या शहरात नव्या कबरीची मुदतच पंधरा वर्षांची आहे. पुढे अवशेष उकरले जातात आणि ख्रिस्ती माणसाचे असतील तर त्यांचे बहुधा दहन होते. जमीन अपुरी आहे, हे कारण खरेच आहे. पण मेलेले उठतील या आशेपोटी ज्या धर्माने शतकानुशतके दफनाचा आग्रह धरला, त्याची आशा या मुदतीपलीकडे टिकते का? माझ्या मते टिकते, कारण मुळात ती कबरीवर उभी नव्हतीच.

बायबलच्या नव्वदाव्या स्तोत्रात आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षांचे मानले आहे. तिथे मागणे आहे ते शहाणपणाचे, मरणोत्तर जीवनाचे नव्हे. मृत जागे होतील हा विचार स्पष्ट येतो दानिएलच्या पुस्तकात, धर्मासाठी जीव देणाऱ्यांना न्याय कधी मिळणार या आर्त प्रश्नातून. पौलाने करिंथकरांना पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला: उगवते ते पेरल्यासारखे दिसत नाही. १७७ साली ल्यॉनमध्ये ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून राख ऱ्होन नदीत टाकली गेली, ती ही आशाच बुडावी म्हणून. मंडळीने आशा सोडली नाही. पुढे ऑगस्टीनने तर म्हटले की अंत्यसंस्कार मृतांच्या उपयोगापेक्षा जिवंतांच्या सांत्वनासाठी असतात. तरी रूढी घट्ट होत गेली. १८८६ मध्ये रोमने दहनाला मनाई केली, कारण त्याचे काही पुरस्कर्ते पुनरुत्थान नाकारण्यासाठीच त्याचा प्रचार करत होते. ही मनाई १९६३ मध्ये उठली.

मग ‘देहाचे पुनरुत्थान’ हे शब्द पोकळच ठरले, असे कोणी म्हणेल. तसे असते तर २०१६ मध्ये व्हॅटिकनने रक्षा वाऱ्यावर वा पाण्यात सोडण्यास मनाई केली नसती. देहाचा मान राहिला, जागेचा हट्ट सुटला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: परलोकाची आशा माणसाला इथल्या दुःखाबद्दल उदासीन करते. गरिबांना गप्प बसवण्यासाठी ही आशा वापरली गेली, हे नाकारता येत नाही. पण हा दोष आशेचा मानायचा, तर पंडिता रमाबाईंचे काय करायचे? शाश्वत जीवनावर अढळ विश्वास असलेल्या या बाई दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांचे घर उभे केले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये स्वतःला मृत्यू येईपर्यंत त्या त्यातच गढलेल्या होत्या.