शस्त्रक्रियेचे मोल

बाजारात भाव पटला नाही तर ग्राहक रिकाम्या हाताने घरी परतू शकतो. रुग्णास हे स्वातंत्र्य नसते. त्याला हवी असलेली वस्तू म्हणजे त्याचेच शरीर असते, आणि तिचा भाव दुसरा कोणी ठरवीत असतो. म्हणून उपचाराचा खर्च हा केवळ व्यवहाराचा प्रश्न राहत नाही, तो कर्तव्याचा प्रश्न होतो. आज आम्ही तो एका साध्या, सर्वपरिचित व्याधीच्या निमित्ताने वाचकांपुढे मांडीत आहोत.

ही व्याधी म्हणजे अंतर्गळ, ज्यास हल्ली सारे हर्निया म्हणतात. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतडे पुढे सरकते आणि बहुधा जांघेत फुगवटा दिसू लागतो. सुश्रुताने अंत्रवृद्धीच्या कारणांत भार वाहणे हे कारण गणले आहे. बागलीच्या परिसरात याचा अर्थ कोणास उलगडून सांगावा लागणार नाही. माळव्याच्या पठाराच्या या कडेला, जेथे कालीसिंध उगम पावते आणि जेथून घाट उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जाता येते, तेथे पुष्कळांचा संसार सोयाबीन, गहू आणि हरभरा यांच्या पोत्यांवर चालतो. कोणी ती भरतो, कोणी ती पाठीवर वाहतो. गाठ आली तरी असा मनुष्य ती कापडाने आवळून कामावर जातो. त्याला शस्त्राचे भय असते, त्याहून अधिक खर्चाचे असते, आणि किती खर्च होईल हे ठाऊक नसल्याचे तर सर्वांत अधिक असते.

थांबणे नेहमीच चूक असते असे मात्र नाही. ज्यांस फारसा त्रास नाही अशा पुरुषांनी वैद्याच्या देखरेखीखाली थांबणे सुरक्षित आहे, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासाने दाखविले. त्यांतील बहुतेकांना पुढील दहा वर्षांत शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, ती मुख्यतः दुखण्यामुळे. परंतु वैद्याच्या सल्ल्याने थांबणे निराळे आणि पैशाच्या भीतीने लपविणे निराळे. लपविलेला अंतर्गळ एखादे दिवशी अडकतो, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि मग रात्री-अपरात्री देवास वा इंदूर गाठावे लागते. कधी आतड्याचा भाग कापावा लागतो. जो खर्च टाळावयाचा होता तो कैक पटींनी वाढून समोर येतो, आणि प्राणही पणाला लागतो.

आता खर्च म्हणजे काय ते पाहू. तपासण्या, भूल, शस्त्रक्रियागृह, शस्त्रवैद्याचे मानधन, खाट, औषधे आणि आत बसविण्याची जाळी हे झाले बिलातले आकडे. बिलात न येणारा आकडा पुढेच आहे. जड ओझे उचलणाऱ्यास शस्त्रक्रियेनंतर साधारणतः चार ते सहा आठवडे ते उचलू नये असे सांगतात. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. सोबत राहणाऱ्याचा एक आठवडा मिळविला तर घरातील सुमारे 50 दिवसांची मजुरी गेली. पगारी मनुष्यास रजा मिळते, हमालास ती मिळत नाही. एकाच बिलाचे मोल दोघांस सारखे कसे असेल?

येथे कोणी म्हणेल की वैद्यानेही विद्या कष्टाने मिळविली आहे, त्याने फुकट का राबावे? हा आक्षेप न्याय्य आहे. मोबदला घेणे हा दोष नव्हे. मोबदला आधी न सांगणे आणि जे स्वस्तात होऊ शकते ते महागातच होते असे भासविणे, हा दोष होय. खर्च ही अटळ गोष्ट नसते, हे आमच्याच भाषेच्या प्रदेशातील एका उदाहरणाने सिद्ध केले आहे.

इटलीतील पादुआ येथे बासिनी याने 1880 नंतरच्या दशकात टाके घालून भिंत बळकट करण्याची रीत रूढ केली. पुढे शंभर वर्षांनी अमेरिकेत लिख्टेनस्टाइन याने कृत्रिम जाळी बसविण्याची रीत आणली. व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटले, परंतु जाळीची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर राहिली. तेव्हा धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्याच कामी वापरले, आणि अन्य सहकाऱ्यांसह 2003 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी तर 2001 साली रुग्णाच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरून जाळीवाचून होणारी रीत प्रसिद्ध केली.

गरिबाला हलका माल देण्याचा हा प्रकार नव्हे काय, अशी शंका येते. तिचे उत्तर परिणामांनीच द्यावयाचे असते. युगांडात 302 पुरुषांवर झालेल्या तुलनात्मक परीक्षणाचा वृत्तांत 2016 साली आला. स्वस्त जाळी सुमारे एक डॉलरची, बाजारी जाळी शंभर डॉलरांहून अधिक किमतीची होती. वर्षअखेर दोन्ही गटांच्या परिणामांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. अर्थात घरची मच्छरदाणी कापून हे होत नाही. कापडाची योग्य निवड, निर्जंतुकीकरण आणि कुशल हात लागतातच.

शासनानेही काही भार उचलला आहे. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, आणि 2024 पासून 70 वर्षे व त्यापुढील सर्वांस ते उत्पन्नाची अट न घालता लागू झाले. परंतु ही योजना रुग्णालयाचे देणे देते, बुडालेली मजुरी देत नाही. ते 50 दिवस शेजाऱ्यांच्या वाट्याला येतात.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. वैद्याने शस्त्रक्रियेपूर्वी पूर्ण आकडा सांगावा, आणि स्वस्त पर्याय असल्यास तोही सांगावा. रुग्णाने संकोच न धरता विचारावे: एकूण किती, जाळीचे किती, योजनेत बसते काय, आणि कामावर केव्हा जाता येईल? आणि आपण, ज्यांच्या घरापर्यंत त्याने आजवर पोती पोचविली, आपण त्या सहा आठवड्यांत त्याच्या घरी धान्य पोचवावे. हे दान नव्हे, त्याच्या पाठीचे आपल्यावर जे ऋण आहे त्याची ती अल्पशी फेड आहे.