लाल शाईचं काय करायचं?



मागच्या महिन्यात विहारात आपली बैठक झाली. कवितावाचन झालं, चहा झाला आणि मग भांडण झालं. एका मित्रानं ठासून सांगितलं, "शिकला तो विकला. कॉलेजात गेलेला आपला पोरगा आधी भाषा बदलतो, मग वस्ती बदलतो, मग आडनावसुद्धा बदलतो. अण्णाभाऊ कुठल्या कॉलेजात गेले होते? लेखक व्हायचं असंल तर कॉलेजपासून लांब राहा." टाळ्या पडल्या. मीही वाजवली. टाळी वाजवताना माझ्या डब्याच्या पिशवीत बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा निबंध होता, लाल शाईनं माखलेला. म्हणजे माझी टाळी खोटी होती. हा लेख म्हणजे त्या खोट्या टाळीची भरपाई समजा.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. शाळा दहावीला सुटली. पुढचं सगळं वाचन पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातलं. कविता तिथंच सुरू झाली. गेल्या वर्षी बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. निबंधाला विषय आला 'माझे गाव आणि पाणी'. रात्रपाळी करून आलो, केसातला कापूस न झटकता बसलो आणि एका दमात लिहून काढला. तपासणाऱ्या सरांनी दोन शेरे मारले. 'आमास्नी', 'व्हतं', 'तवा' या शब्दांखाली रेघा ओढून लिहिलं : अशुद्ध. आणि 'सगळ्या गावानं आमास्नी कायम पाण्यापासून हाकललं' या वाक्यापुढं लिहिलं : कोणी? केव्हा?

डोकं फिरलं. आमच्या शब्दाला अशुद्ध म्हणणारे तुम्ही कोण? आणि आमच्या दुःखाला तारीख-वार विचारणारे तुम्ही कोण? दोन्ही शेरे मला एकाच शिवीसारखे लागले. निबंध पिशवीत कोंबला आणि तसाच फिरवत राहिलो.

प्रश्न साधा आहे. ही लाल शाई मानायची का नाही? मानली तर विकलो का? नाही मानली तर शिकायला गेलो कशाला? हा काही व्याकरणाचा प्रश्न नाही. आपण लिहितो ते एकट्याचं नसतं. माझ्या वाक्यात माझी आजी उभी असते. ते वाक्य कुणाच्या सांगण्यावरून बदलायचं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, हा नीतीचा प्रश्न आहे.

आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो, त्यातलं पुस्तक बघतो. त्यांची वही बघत नाही. बाबासाहेबसुद्धा विद्यार्थी होते, त्यांनाही वर्गातलं काम करून दाखवावं लागत होतं. १९१३ साली ते बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर. आणि ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. वय २५. म्हणजे आपल्याएवढंच. आज आपण ज्याला ग्रंथ म्हणून हातात घेतो, तो वर्गात वाचायचा निबंध होता, भावांनो.

त्या निबंधात काय आहे ते बघा. आणि काय नाही तेही बघा. शाळेत वेगळं बसायला घरून न्यावं लागणारं गोणपाट त्यात नाही. न मिळालेलं पाणी नाही. ते सगळं त्यांनी पुढं दुसऱ्या लेखनात स्वतः लिहिलंच. इथं त्यांनी सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. मग स्वतःचं म्हणणं मांडलं : जातीबाहेर लग्न करायचं नाही, या बंदीवर जात उभी आहे. ती बंदी टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या चाली वापरल्या गेल्या. म्हणजे त्यांनी जातीलाच विचारलं : तू चालतेस कशी? गोणपाट त्यांनी टाकून दिलं नव्हतं. गोणपाटाचा त्यांनी प्रश्न केला. आणि निबंधाच्या शेवटी म्हटलं की माझं मत टिकत नाही असं कुणी दाखवलं, तर मी ते सोडून द्यायला तयार आहे. एवढी छाती आपल्यापैकी कुणाची आहे? १९१७ साली तो निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला.

आता दुसरी गोष्ट. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला. मार्च १९२३ मध्ये तो स्वीकारला गेला नाही. ऑगस्टमध्ये त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबरमध्ये स्वीकारला गेला. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत, असं चरित्रकार सांगतात. त्याच साली पुस्तक आलं. त्याला त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि तिच्यात कॅनन सांगून टाकतात की या लेखकाच्या बऱ्याच म्हणण्याशी मी सहमत नाही. विद्यार्थी आपल्या मताला चिकटून, मास्तर आपल्या मताला चिकटून, आणि दोघं एका पुस्तकात.

तिसरी गोष्ट तुम्हाला पाठ आहे. १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण वाचून मंडळ घाबरलं. हे काढा, ते काढा म्हणालं. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वतः छापलं. तेच 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन'.

आता सांगा. १९२३ मध्ये अख्खा प्रबंध पुन्हा लिहिणारा माणूस आणि १९३६ मध्ये स्वल्पविरामाला हात लावू न देणारा माणूस, दोन आहेत का? एकच आहे. मग फरक कुठं पडला? मला दिसतो तो असा. परीक्षकापुढं मांडणी पुन्हा रचता आली, म्हणणं तसंच राहिलं. मंडळाला म्हणणंच नको होतं. एक पुरावा मागतो, दुसरा माघार मागतो. पुरावा मागणाऱ्याला पुरावा द्यावा, त्यात आपण मोठे होतो. माघार मागणाऱ्याला दार दाखवावं. लाल शाई दोघांच्याही पेनात असते. शाईचा रंग बघून चिडायचं नाही. ती काय मागते ते वाचायचं.

हे मला उमगलं तेव्हा मी पिशवीतला निबंध बाहेर काढला. एक शेरा 'अशुद्ध'. त्याला माझ्या पानावरून आजीचं तोंड बंद करायचं होतं. ती माघार आहे. दुसरा शेरा 'कोणी? केव्हा?' सरांनी तो कुठल्या मनानं लिहिला, मला ठाऊक नाही. पण प्रश्न खरा होता, आणि उत्तर माझ्याकडं नव्हतं. दुःख माझं म्हणत होतो आणि त्याचा तपशील मला माहीत नव्हता.

मग आजीपाशी बसलो. आजी सांगोल्याकडची. विचारलं, "आजे, पाण्यापासनं कुणी हाकललं? कवा?" ती हसली. म्हणाली, "आज बरं इचारलंस." मग सांगितलं. १९७२ चा दुष्काळ. ती खडी फोडायच्या कामावर. तहान लागली की आपल्या बायांनी लांब उभं राहून ओंजळ धरायची, वरनं पाणी ओतायचं. ओतणारा मुकादमाचा माणूस. एके दिवशी त्यानं मुद्दाम धार बाजूला सोडली आणि हसला. त्याचं नाव तिनं सांगितलं, बापाचं नावसुद्धा. मग म्हणाली, "पर सगळं गाव तसं नव्हतं बाबा. एक धनगराची बाई व्हती. आपल्या वाटणीचं पाणी माझ्या तांब्यात वतायची. हातात तांब्या दिऊन."

म्हणजे माझं 'सगळ्या गावानं' खोटं होतं. माझं 'कायम'ही खोटं होतं. वाईट वाटलं. पण खरं लिहिलं तेव्हा वाक्य मऊ नाही पडलं, उलट धारदार झालं. 'सगळं गाव' म्हटलं की मुकादमाचा माणूस गर्दीत लपतो. नाव घेतलं की तो एकटा उभा राहतो. आणि त्या धनगराच्या बाईलाही माझ्या आधीच्या वाक्यानं गर्दीत ढकललं होतं. ज्यानं पाणी सांडलं आणि जिनं पाणी दिलं, दोघांना एकाच शब्दात कोंबणं हासुद्धा अन्यायच. तो अन्याय माझ्या हातून झाला होता.

निबंध पुन्हा लिहिला. आजीचं बोलणं तिच्याच शब्दांत ठेवलं, 'व्हतं'सकट. सरांनी पुन्हा त्याखाली रेघा ओढल्या, पुन्हा 'अशुद्ध' लिहिलं, मार्क कापले. कापू देत. आजीच्या हकिगतीपुढं मात्र या वेळी एकही प्रश्न नव्हता.

अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची, हे खरं आहे. पण त्यांची परीक्षा कुणी घेतलीच नाही असं समजू नका. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभं राहिलं आणि मैदानावरचे हजारो कामगार त्यांचे परीक्षक झाले. खोटी ओळ आली की असली गर्दी उठून जाते. आपल्या बैठकीत काय होतं? कविता कशीही असो, टाळी पडते. आपण कॉलेजच्या लाल शाईला घाबरतो आणि आपल्या घरात पेनच ठेवत नाही. 'हजारो वर्षं', 'सगळे', 'कायम' हे शब्द आपल्यात विनातिकीट फिरतात. जिथं कुणी प्रश्न विचारत नाही तिथं लेखक वाढत नाही, मग ते कॉलेज असो नाहीतर विहार.

म्हणून शिका. जमेल तिथं नाव घाला, निबंध लिहा, शेरे खा. भाषा सोडू नका, निष्कर्ष सोडू नका, पण पुराव्याला भिऊ नका. आणि पुढच्या बैठकीत टाळीच्या आधी एक प्रश्न विचारू या : कोणी? केव्हा? पहिली कविता मी आणतो. पेन तुमच्याकडं ठेवा.