नाव तेच, किल्ली नवी



दर महिन्यास या पानावर एखाद्या वचनाचा अर्थ अल्पमतीप्रमाणे उलगडावा, हा आमचा क्रम. या खेपेस तो मोडतो आहे. निरूपणाचा विषय आहे आमच्या खिशातला मोबाईल, जो पौष वद्य एकादशीच्या रात्री आळंदीस, मठातल्या वाय-फायला काही केल्या जोडला जाईना. कोणी म्हणेल, महाराजांची साठी उलटली, आता हे चाळे कशाला? त्यांस सांगणे इतकेच की, हल्ली विणेकऱ्याच्या बंडीच्या खिशातही फोन असतो, आणि धर्मशाळेत पथारी टाकायच्या आधी मंडळी पाणी कुठे म्हणून विचारीत नाहीत, पासवर्ड काय म्हणून विचारतात. शिवाय त्या रात्री आमच्या हातून एका पोरावर अन्याय झाला. तो सांगितल्यावाचून आम्हांस चैन पडायचे नाही.

आमचे एक वृद्ध गुरुबंधू. एकाच फडावर आम्ही चाळीस वर्षे उभे राहिलो. चाली आम्हांस त्यांनी बसवून दिल्या, आवाज फाटला तर आधी डोळे वटारीत आणि मग खडीसाखर देत. तीन वर्षांमागे अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, उजवा हात गेला. मराठवाड्यातल्या आपल्या गावी ते अंथरुणास खिळले. तेव्हापासून दर वद्य एकादशीस आम्ही कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी टाळकऱ्यांच्या समोर एका लाकडी ठोकळ्यावर फोन उभा करावा, आणि तिकडे त्यांच्या सूनबाईंनी त्यांच्या उशाशी फोन धरावा, असे ठरून गेलेले. बोलणे काही होत नसे. मात्र भजनाचा ठेका धरला की त्यांची डाव्या हाताची बोटे गोधडीवर हलू लागत. ती बोटे आम्हांस दिसली की पुढचे कीर्तन आपोआप उभे राही.

मठाच्या भिंती जुन्या, दोन-दोन हात जाड. मोबाईल कंपनीचे जाळे आत पोचत नाही, म्हणून व्यवस्थापकांनी तारेने इंटरनेट आणून कोठीच्या खोलीत राउटर बसविला आहे.

आता इथे एक घोटाळा आधी निस्तरला पाहिजे. वाय-फाय म्हणजेच इंटरनेट, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. वाय-फाय ही राउटरपासून फोनपर्यंतची बिनतारी वाट, रेडिओच्या लहरींची. त्यापलीकडे राउटरपासून जगापर्यंतची वाट निराळी, ती तारेची. विहिरीचा दृष्टांत घ्या. पोहरा तुटला तरी घडा रिकामाच, आणि विहीर आटली तरी रिकामाच. घड्याकडे पाहून दोष कळत नाही. फोन जर म्हणत असेल की जोडलो आहे पण इंटरनेट नाही, तर पोहरा शाबूत आहे, विहीर पाहा. राउटरचे दिवे पाहा, त्याची वीज काढून अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावा, नाही जमले तर कंपनीस कळवा. फोन मुळी जोडलाच जात नसेल तर विहिरीशी भांडण नाही, पोहरा तपासा. एवढा एक विवेक केला तर निम्मी धावपळ वाचते.

आम्ही केला नाही. त्या दिवशी सकाळी जुना राउटर बंद पडला म्हणून माणूस येऊन नवा बसवून गेला. व्यवस्थापकांनी त्याला सांगितले, बाबा, नाव तेच ठेव, वारकऱ्यांना सवय झाली आहे. त्याने नाव तेच ठेवले, पासवर्ड मात्र नवा घातला, आणि चिठ्ठीवर लिहून कोठीच्या खिळ्याला अडकविला. आम्ही तेव्हा दर्शनबारीत होतो. रात्री साडेआठास फोन काढला. नाव दिसे, त्यावर बोट ठेवावे तो जोडू लागे, आणि दोन क्षणांत गळून पडे. वाय-फाय बंद करून चालू केले, विमानाचे चिन्ह दाबून सोडले, फोनच बंद करून उठविला. पुन्हा तेच. नऊला उभे राहायचे होते. तिकडे सूनबाई वाट पाहत असणार.

दाराशी आमचा एक विद्यार्थी बसला होता, पखवाज शिकतो, वय पंधरा. त्याच्या हातातल्या फोनवर एक नामांकित वादक वाजवीत होता, अगदी सुरळीत.

"तुझा चालतो रे?"

"चालतो महाराज."

इथे आमची बुद्धी घसरली. दोन वर्षांमागे याच पोराने आपला खेळ वेगाने चालावा म्हणून राउटरमध्ये शिरून बाकी सर्वांचे फोन अडविले होते. तेव्हा आम्ही रागावलो, तो रडला, पाया पडला, प्रकरण मिटले. निदान त्याच्याकडून मिटले. त्या रात्री दहा-बारा माणसांच्या देखत आम्ही म्हणालो, "खोड जात नाही ना तुझी? सोड आधी ते." पोराने मान खाली घातली आणि फोन खिशात टाकला.

पाहा गंमत. आम्ही शाळेत तर्कसंग्रह घोकला, विद्यार्थ्यांस अन्वय-व्यतिरेक शिकवून आमचा जन्म गेला. जागा तीच, राउटर तोच, घटका तीच. त्याचा फोन चालतो, आमचा चालत नाही. मग राउटर निर्दोष, तार निर्दोष, कंपनीही निर्दोष, उरला कोण? नेमका जो पुरावा आमच्या फोनकडे बोट दाखवीत होता, तोच आम्ही उलटा करून पोराकडे फिरविला. वेदान्तात दहाव्या माणसाची गोष्ट आहे. दहा जण नदी उतरून गेले, पलीकडे जो तो मोजू लागला, नऊच भरतात, म्हणून रडू लागले; मोजणारा स्वतःस मोजीत नव्हता. आम्ही ही गोष्ट पन्नास वेळा तरी सांगितली असेल.

असो. पोर थोड्या वेळाने जवळ आले. "महाराज, मी बघू का?" रुसवा नाही, टोमणा नाही. त्याने फोन हाती घेतला आणि आम्ही चष्म्यावाचून जी बारीक ओळ वाचली नव्हती ती वाचली. नावाखालीच लिहिले होते, पासवर्ड तपासा, अशा अर्थाचे. यंत्राने आपला रोग आपल्या तोंडाने सांगितला होता. ऐकणारा नव्हता.

मग त्याने आम्हांस समजावून दिले, आणि पुढे आम्ही खात्री करून घेतली, ते असे. फोन पासवर्ड उघडा हवेत फेकत नाही. २००४ साली ठरलेली आणि अजून घरोघरी चालणारी डब्ल्यूपीए-२ नावाची पद्धत आहे, तीत राउटर व फोन यांच्यामध्ये चार निरोपांची देवघेव होते. राउटर एक आकडा पाठवितो, दर वेळी नवा. फोन आपला एक आकडा काढतो, आणि दोन्ही आकडे व आपल्यापाशी असलेली किल्ली यांच्या मिश्रणातून एक खूण तयार करून परत धाडतो. राउटर आपल्या किल्लीने तीच खूण काढून पाहतो. जुळली तर पुढचे दोन निरोप, आणि दार उघडले. नाही जुळली तर दुसऱ्याच निरोपाला बोलणे तुटते. गुपित दोघांपाशी आहे हे दोघांस कळते, पण गुपित उच्चारले जात नाही. आम्हांस ही रीत फार आवडली.

आमच्या फोनचे काय झाले? त्याने नाव पाहिले, नाव ओळखीचे निघाले. प्रत्यभिज्ञा झाली, तोच हा देवदत्त. आणि त्या नावाबरोबर साठवलेली जुनी किल्ली त्याने विश्वासाने पुढे केली. ती नाकारली गेली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तीच किल्ली. आपली ओळखच शिळी झाली असेल ही शंका त्याच्या मनास शिवत नाही. शास्त्रकारांनी याच देवदत्ताच्या उदाहरणात सांगून ठेवले आहे की, तेव्हाचा काळ नि आताचा काळ हे दोन्ही भाग टाकावे तेव्हा एकपण हाती लागते. फोनला हे टाकणे येत नाही. आपण त्याला करवून द्यावे लागते.

त्याची कृती सोपी. सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या यादीत त्या नावाशेजारी दातेरी चाकाचे किंवा गोलातले चिन्ह असते, ते दाबावे. आत 'विसरा' असा शब्द येतो. मराठीत लावलेल्या फोनवर अगदी हाच. तो दाबला की नाव काही नाहीसे होत नाही, यादीत पुन्हा दिसते. पण आता ते अनोळखी म्हणून दिसते, आणि फोन नवा पासवर्ड विचारतो. जन्मभर आम्ही स्मरणाचा महिमा गायिलो, आणि इथे उपाय सापडला तो विस्मरणात! पोराने बोट ठेवले तेव्हा आम्ही त्या शब्दाकडे जरा पाहतच राहिलो. फोनने नावावरून राउटर ओळखला होता आणि जुनी किल्ली लावली होती. आम्ही तोंडावरून पोर ओळखले होते, आणि दोन वर्षांपूर्वीची किल्ली लावीत बसलो होतो.

चिठ्ठी आणवली, पासवर्ड घातला, तरी जोडेना! आमचा हात पुन्हा कपाळाला. पोर हसले. कळफलक मराठी होता, त्यामुळे आकडे मराठी वळणाचे उमटले होते. वाचणाऱ्यास तीन तो तीनच, पण यंत्राच्या लेखी मराठी तीन व इंग्रजी तीन ही दोन निरनिराळी अक्षरे आहेत. कळफलक इंग्रजी करावा, डोळ्याचे चिन्ह दाबून अक्षरे उघडी पाहावीत, लहान लिपी व मोठी लिपी यांचा भेद पाळावा. आठ अक्षरांहून कमी पासवर्ड या पद्धतीत असतच नाही, तेव्हा सातच भरली तर एक राहिले समजा.

कोणी विचारील, सगळेच विसरून टाकले तर? तशीही सोय आहे, 'नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा' अशा नावाची. तिने छायाचित्रे, निरोप, लोकांचे क्रमांक जात नाहीत. पण आजवर साठलेले सर्व ठिकाणांचे पासवर्ड जातात, मुलीच्या घरचाही. म्हणून ते शेवटचे औषध. आधी ज्या एका नावाशी बिनसले आहे तेवढेच विसरावे.

वारीच्या गर्दीत निराळाच अडथळा येतो. पासवर्ड बरोबर असून फोन पत्ता मिळवीत आहे असे म्हणत ताटकळतो. राउटर प्रत्येक फोनला एक आकडी पत्ता देतो. घरगुती राउटरच्या नेहमीच्या मांडणीत असे पत्ते फार तर २५३, कित्येक ठिकाणी याहून पुष्कळ कमी ठेवलेले. आणि फोन निघून गेला तरी त्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत राखून राहतो, जशी कुलूप लावून गेलेल्याची खोली. धर्मशाळेच्या व्यवस्थापकांनी ही मुदत तासा-दोन तासांवर आणावी, आषाढीला फार उपयोग होईल. जाड भिंतीचे म्हणाल तर, एकाच राउटरची दोन नावे दिसत असतील तर २.४ गिगाहर्ट्‌झचे धरावे, ते भिंतींतून अधिक लांब जाते. पाचचे वेगवान खरे, पण भिंतीला लवकर हार जाते, आणि जुन्या फोनला ते दिसतही नाही. आणखी एक, फोनची तारीख चुकलेली असेल तर जोडूनही पाने उघडत नाहीत, कारण पानांच्या दाखल्यांना मुदतीच्या तारखा असतात, आणि फोनला वाटते दाखलाच खोटा. एका वारकरीबोवांचा फोन याच कारणाने दोन दिवस मुका होता.

नऊला पाच मिनिटे कमी असताना आमचा फोन जोडला गेला. सूनबाईंचा चेहरा दिसला, मग गोधडी, मग ती बोटे. माघ वद्य एकादशीस त्या घरी फोन लावण्याचे कारण उरले नाही. त्यापूर्वीच तिकडून निरोप आला होता. ती पौषातली रात्र आमच्या रागाच्या भरात गेली असती, तर गेलीच असती.

वीणा गळ्यात घेण्याआधी आम्ही त्या दहा-बारा माणसांना थांबविले आणि त्यांच्या देखत म्हणालो, "बाळा, चूक आमची होती. तुझा काही दोष नव्हता." पोर ओशाळले. त्याला काय बोलावे सुचेना. पखवाजाला शाई चढली आहे का हे बोटाने चाचपीत ते म्हणाले,

"महाराज, फोन चार्जिंगला लावून ठेवतो. सतराच टक्के आहे, भैरवीपर्यंत पुरायचा नाही."