सांगितलेली खोड

कांहीं प्रश्न दिसावयास हिशेबाचे असतात. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलें कीं हिशेब अर्ध्या तासांत संपतो आणि प्रश्न मात्र तसाच उरतो. असा एक प्रश्न गेल्या माघांत आमच्या दारीं आला. आमचा एक जुना विद्यार्थी, निफाड तालुक्यांतील एका शेतकऱ्याचा मुलगा, सकाळींच घरीं आला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन तो गांवीं परतला आहे. घरची सहा एकर जमीन. तींत द्राक्षें, टोमॅटो आणि कांदा. आजवर माल दुसऱ्याच्या भाड्याच्या गाडींतून जात असे. आतां स्वतःची पिकअप घ्यावी, घरचा माल पिंपळगांव बसवंतास किंवा लासलगांवास न्यावा, आणि उरलेल्या दिवसांत शेजाऱ्यांचीं भाडीं करावीं, असा त्याचा बेत होता. "सर, नवी घेऊं कीं जुनी?" एवढेंच त्याला विचारावयाचें होतें.

ज्याचा वाहनांशीं संबंध एक स्कूटर आणि एक लहान मोटार यांपलीकडे कधीं गेला नाहीं, त्याला तूं हें काय विचारतोस, असें आम्हीं हसून म्हटलें. तो हसला नाहीं. म्हणाला, "गाडीचें मिस्त्री सांगेल, सर. तुम्ही मला माणसाचें सांगा." तेव्हां आम्हांस त्याला बसवून घ्यावें लागलें.

प्रथम हिशेब पाहूं. नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत 10 लाखांच्या घरांत जाते, असें तो चौकशी करून आला होता. त्यांतील 2 लाख रोख भरून 8 लाखांचें कर्ज काढलें, व्याज दरसाल दर शेंकडा 10 आणि मुदत 5 वर्षें धरली, तर दरमहा सुमारें 17,000 रुपयांचा हप्ता बसतो. अशा 60 हप्त्यांत 10,20,000 रुपये फेडावे लागतात. म्हणजे 2,20,000 रुपये निव्वळ व्याजाचे. उलट शेजारच्या गांवच्या एका गृहस्थांची सात वर्षें वापरलेली गाडी 4 लाखांस मिळत होती. ती घरच्या शिलकेंत आणि थोड्या हातउसन्यांत बसत होती. मात्र तिच्यामागें टायर, पाटे, क्लचप्लेट यांचा खर्च उभा होता. शिवाय आठ वर्षें उलटल्यावर मालवाहू गाडीचें पासिंग दरसाल करून घ्यावें लागतें, हेंही खरें.

येथें एक गोष्ट कागदावर दिसत नाहीं. हप्ता ठराविक असतो; शेतकऱ्याची मिळकत तशी नसते. जुलै 2023 मध्यें टोमॅटोच्या 20 किलोंच्या क्रेटला 1,500 रुपयांहून अधिक भाव मिळाला. त्या भावानें महिन्याचा हप्ता 12 क्रेटांत फिटला असता. पुढच्या दोनच महिन्यांत भाव कोसळला. क्रेटला 100 रुपये मिळूं लागले म्हणजे त्याच हप्त्यास 170 क्रेट मोजावे लागतात. त्याच वर्षीं डिसेंबरांत कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, ती मे 2024 मध्यें उठली. परंतु त्या पांच महिन्यांत कोणाचाही हप्ता थांबला नव्हता. कर्ज वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. कर्ज काढणारा मनुष्य आपल्या पुढील पांच वर्षांतील निर्णयस्वातंत्र्याचा कांहीं भाग आज विकतो, आणि त्या विक्रीची किंमत व्याजाच्या आंकड्यांत धरलेली नसते, एवढेंच आमचें सांगणें आहे.

मग नवें घेण्याकडे मनुष्याचें मन इतकें कां ओढतें? हौसेला मोल नाहीं, असें आपण म्हणतों. गाडीला हार, बोनेटवर कुंकवाचें स्वस्तिक, चाकाखालीं लिंबू, फुटलेला नारळ, आणि दारांत उभा असलेला बाप. या देखाव्याला हसण्याचा अधिकार पगारदार माणसानें घेऊं नये. ज्याच्या घरांत तीन पिढ्यांत नवी वस्तु क्वचितच आली, त्याची ती हौस केवळ मिरवण्याची नसते. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, नवेपणाची ओढ हौसेहूनही दुसऱ्या एका कारणानें बलवत्तर होते. नवी गाडी घेणारा संशयांतून सुटका विकत घेतो. तिच्या मागें कोणी मनुष्य नसतो. कारखाना असतो, आणि कारखान्याची छापील हमी असते. जुन्या गाडीमागें मनुष्य असतो, आणि आपण खरें भितों तें त्या मनुष्याला.

या भयाचा अर्थशास्त्रीय उलगडा जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन पंडितानें 1970 मध्यें एका निबंधांत केला, आणि 2001 मध्यें ज्या कार्याबद्दल त्याला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला त्यांत हा निबंध प्रमुख होता. त्याचें उदाहरणच मुळीं जुन्या मोटारींचें आहे. गाडीचा दोष विकणाऱ्यास ठाऊक असतो, घेणाऱ्यास नसतो. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला मध्यम प्रतीची समजून भाव करतो. त्या भावांत चांगली गाडी विकणें परवडत नाहीं, म्हणून चांगल्या गाड्या बाजारांतून निघून जातात. मग उरलेल्यांचा भाव आणखी उतरतो, आणि अखेर बाजारांत बहुधा टाकाऊ मालच राहतो. याचा नैतिक अर्थ असा कीं, लबाडाच्या मौनाचा दंड प्रामाणिक मनुष्य भरतो. त्याची गाडी खरोखर चांगली असली तरी ती चांगली आहे या त्याच्या शब्दाला किंमत उरलेली नसते.

आपल्या पूर्वजांस हा प्रश्न अपरिचित नव्हता. मनुस्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत खरेदी-विक्रीनंतरचा पश्चात्ताप हें एक स्वतंत्र पद आहे, आणि व्यवहार फिरविण्यास दहा दिवसांची मुभा दिली आहे. याज्ञवल्क्यानें तर वस्तूवस्तूंत भेद करून परीक्षेचे दिवस नेमून दिले: बीजाला दहा, लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, आणि ओझें वाहणाऱ्या जनावराला पांच. आमच्या विद्यार्थ्याची पिकअप याच शेवटच्या वर्गांतली! आपल्याकडील बैलबाजारांतही दांत पाहून जनावर अदत आहे, दुदांती आहे कीं जुळलेलें आहे, हें घेणारा स्वतः ठरवी; पण जनावर बसकें आहे, मारकें आहे, कीं जुंवाला खांदा देत नाहीं, ही खोड दांतांवर लिहिलेली नसते. ती विकणाऱ्यानेंच सांगावी लागते. प्रश्न एवढाच कीं, त्यानें ती कां सांगावी?

सिसेरोनें ख्रिस्तपूर्व 44 मध्यें कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत नेमका हाच वाद आहे. एका गृहस्थास आपलें घर विकावयाचें आहे. तें घर रोगट आहे, त्याचें लांकूड कुजकें आहे. पण हें मालकावांचून कोणास ठाऊक नाहीं. त्यानें तें सांगावें काय? बाबिलोनचा डायोजेनीज म्हणतो कीं, कायदा जेवढें सांगावयास लावतो तेवढें सांगितलें म्हणजे झालें. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटर म्हणतो कीं, घेणाऱ्याच्या हिताची गोष्ट जाणूनबुजून पोटांत ठेवणें म्हणजे वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्यासारखें, किंबहुना त्याहूनही वाईट आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूस उभा राहतो.

आजचा कायदा या दोघांच्या मध्यें कोठें तरी आहे. आपला मालविक्रीचा 1930 चा कायदा सामान्यतः घेणाऱ्यानेंच डोळे उघडे ठेवावे असें म्हणतो, आणि मग कांहीं अपवाद करतो. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर त्याची नोंद आर.सी. बुकांत असते, ती पाहतां येते. गाडी नांवावर करून देण्याची नोंद कागदोपत्रीं झालीच पाहिजे. ती न झाल्यास पुढील अपघाताची भरपाई जुन्या नोंदणीकृत मालकाच्या गळ्यांत पडते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निर्णय आहे. हें सर्व आम्हीं त्या मुलास सांगितलें. त्यांतील बहुतेक त्यास आमच्याहून अधिक ठाऊक होतें. कायदा बोजा दाखवितो, नांव दाखवितो. खोड दाखवीत नाहीं.

आणि मग त्यानें आपली खरी अडचण काढली. त्या शेजारच्या गृहस्थांनीं खोड सांगितली होती. दृष्टि अधू झाल्यामुळें त्यांनीं गाडी चालविणें सोडलें आहे. मुलगा गाडी पाहण्यास गेला तेव्हां त्यांनीं न विचारतां सांगितलें कीं, तीन वर्षांपूर्वीं कसारा घाटांत इंजिन तापून बंद पडलें आणि हेड उघडावें लागलें. काम पक्कें झालें आहे, पण तेव्हांपासून उन्हाळ्यांत चढावर भरलेली गाडी नेतांना कांट्याकडे लक्ष ठेवावें लागतें. मुलगा घरीं येऊन हें बोलला मात्र, आणि सगळे घर एका आवाजांत म्हणालें, "मग ती गाडी नको." दुसऱ्या एका दलालाकडे तेवढ्याच वयाची, तेवढ्याच किंमतीची गाडी होती. तिच्याविषयीं दलाल म्हणत होता, "एकदम टकाटक." घरच्यांचा कल तिकडे होता.

आमच्या मतें या एका गोष्टींत संपूर्ण प्रश्न सांठविलेला आहे. विकणाऱ्याच्या कर्तव्यावर डायोजेनीज आणि अँटिपेटर भांडले. पण घेणाऱ्याचेंही एक कर्तव्य आहे, त्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. खरें सांगणाऱ्याकडे पाठ फिरवून गप्प बसणाऱ्याकडे जो जातो, तो बाजारास एक धडा शिकवितो; आणि तो धडा असा कीं, पुढच्या वेळीं तोंड मिटून राहा. मग त्याच बाजाराविषयीं तो तक्रार करतो! सात वर्षें मालवाहतूक केलेली कोणतीही गाडी निर्दोष असणें शक्य नाहीं. तेव्हां निवड दोषी आणि निर्दोष गाड्यांमध्यें नव्हतीच; ठाऊक असलेला दोष आणि ठाऊक नसलेला दोष यांमध्यें होती. किंमत सारखी असतां पहिलीच गाडी स्वस्त, हें साधें तर्कशास्त्रही सांगतें. मात्र भयाला तर्कशास्त्र कळत नाहीं; उच्चारलेला दोष त्याला मोठा वाटतो, न उच्चारलेला अस्तित्वांतच नाहीं असें वाटतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. लहान दोष मोकळेपणानें सांगून मोठा झांकण्याची युक्ति धूर्त लोक जाणतात. खरें आहे. म्हणून आम्हीं त्याला सांगितलें कीं, आपला मिस्त्री ने, गाडी भरून चढावर चालवून पाहा, हौद्याखालचा सांगाडा बघ, आणि मग ठरव. परीक्षा करणें म्हणजे अविश्वास दाखविणें नव्हे. याज्ञवल्क्यानें पांच दिवस दिले ते विक्रेत्यास चोर समजून नव्हे. विश्वासाला तपासाची जोड असली म्हणजे तो टिकतो, हें त्याला ठाऊक असावें.

एवढा उपदेश करून झाल्यावर आम्हीं गप्प बसावयास हवें होतें. परंतु त्या मुलाच्या तोंडचें "तुम्ही मला माणसाचें सांगा" हें वाक्य आमच्या मनांत सलूं लागलें. सुमारें बारा वर्षांपूर्वीं आम्हीं आमची लहान मोटार पंचवटींतील एका दुकानदारास विकली. तिचा तळ गंजला होता, आणि पावसांत पायाशीं पाणी येत असे. त्यानें विचारलें नाहीं. आम्हीं सांगितलें नाहीं. तीच वेळ वर्गांत नीतिशास्त्र शिकविण्याची होती! पुढें एकदां बाजारांत भेट झाली तेव्हां तो रागावला नाहीं. इतकेंच म्हणाला, "सर, प्राध्यापकांची गाडी म्हणून मीं खालीं वाकून पाहिलीच नव्हती."

विद्यार्थी गेल्यावर दोन दिवसांनीं आम्ही त्याच्या दुकानीं गेलों. तळाच्या दुरुस्तीस जो खर्च आला असेल त्याचा वांटा देऊं केला. त्यानें चहा मागविला, पैसे मात्र घेतले नाहींत. आम्हीं आग्रह धरला तेव्हां तो जरा ओशाळून म्हणाला, "सर, मीं कोठें दुरुस्ती केली? दिवाळींत रंग मारला आणि दिली पुढें. मींही सांगितलें नाहीं." तिसरा मालक कोण, हें त्याच्या आतां लक्षांत नव्हतें. आम्हीं ज्याला आपलें एक लहानसें मौन समजत होतों, तें असें हातोहात पुढें गेलें होतें, आणि तें परत आणण्यास आतां कोणता पत्ताही उरला नव्हता.

चैत्रांत मुलाचा फोन आला. मिस्त्रीनें गाडी तपासली. इंजिनाविषयीं मालकांनीं सांगितलें तेंच निघालें, शिवाय मागचे दोन टायर बदलावे लागतील असें ठरलें. त्याबद्दल मालकांनीं आपण होऊन 10,000 रुपये कमी केले. व्यवहार झाला, कागद नांवावर झाले. वडिलांनीं जुन्या गाडीलाही हार घातला. गाडी पुढें कशी चालेल, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. कदाचित् ती याच उन्हाळ्यांत घाटांत उभी राहील, आणि घरचे म्हणतील कीं सरांनीं भलताच सल्ला दिला. तो दोष आम्ही पतकरूं. आम्हीं त्याच्याकडून एकच वचन घेतलें आहे: पांच-सात वर्षांनीं तो ती गाडी विकावयास काढील, तेव्हां कसारा घाटाची हकीकत घेणाऱ्यानें विचारण्याच्या आधीं सांगावयाची.