चुंबकाचे झटके आणि घरच्यांची टोचणी



घरातल्या कर्त्या माणसाला लकवा मारला, की घरच्यांना एकच प्रश्न छळतो : आपण करायचे काही बाकी तर ठेवले नाही ना? त्यातच कुणीतरी सांगते, मेंदूला चुंबकाचे झटके देणारे यंत्र निघाले आहे, हात पुन्हा चालू लागतो. मग गोष्ट शेत गहाण टाकण्यापर्यंत जाते. (ते सोडवता सोडवता पिढी सरते, हे खानदेशात कुणाला सांगायला नको.) न टाकले, तर मनाला टोचणी लागते. ही टोचणी खरी आहे का?

यंत्र काही थोतांड नव्हे. १९८५ साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी कवटी न उघडता, डोक्यावर तारेचे वेटोळे धरून मेंदू चेतवून दाखवला. लकव्यानंतर मेंदूची निरोगी बाजू दुखावलेल्या बाजूला दाबते, असा एक तर्क आहे. तिला संथ झटक्यांनी आवरले, तर लुळा हात हलेल, ही कल्पना. लहान प्रयोगांत फायदा दिसला. मग अमेरिकेत सुमारे २०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काहींना खरे झटके दिले, काहींना नुसते नावाचे; हाताचा व्यायाम मात्र सर्वांकडून करून घेतला. खऱ्या झटक्यांच्या गटात ६७ टक्के रुग्णांचा हात ठरल्या मापाने सुधारला, दुसऱ्या गटात ६५ टक्के. पुढे संशोधन चालूच आहे. पण त्या ६५ टक्क्यांचा हात झटक्यांवाचून सुधारला, हे विसरता येत नाही.

व्हॅटिकनने १९८० मध्ये दयामरणाविषयी जाहीरनामा काढला. तो मुख्यतः मरणासन्नांविषयी आहे, तरी त्यातला विवेक इथेही लागू पडतो, असे आम्हांला वाटते. रुग्णाची संमती असेल, तर नवा उपचार करून पाहावा. आणि कुटुंबावर न पेलणारा खर्च पडू नये म्हणून रुग्णाने तो नाकारला, तर ती आत्महत्या नव्हे.

संमती रुग्णाची, हे लक्षात घ्या. शुभवर्तमानातल्या पक्षघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडले. प्रभूने त्याला मुला म्हणून हाक मारली, तेव्हा तो अजून बाजेवरच होता. आपल्याकडे मात्र उजवी बाजू गेली, वाचा गेली, की त्याला काही कळत नाही असे धरून त्याच्याच खाटेशेजारी व्यवहार ठरतात. पुष्कळांना कळत असते. हो की नाही, इतकेच विचारा. डाव्या हाताने सांगतील, मानेने सांगतील. वेळ लागेल, थांबा.