बटणांच्या फोनचे उरलेले काम

पेजर, बटणांचा मोबाईल आणि ब्लॅकबेरी ही निरोपाची हातातली यंत्रे मागे पडली, तरी त्यांची ओढ संपलेली नाही. २०१७ मध्ये नोकियाचा ३३१० नव्या रूपात पुन्हा विक्रीला आला. दाबल्यावर बोटाला कळणाऱ्या बटणांचे अँड्रॉइड फोन युनिहर्ट्झसारख्या लहान कंपन्या आजही काढतात. अमेरिकेतल्या लाइट फोनमध्ये तर ब्राउझर आणि समाजमाध्यमे मुद्दामच ठेवलेली नाहीत. या वस्तूंचा ग्राहक बहुधा शहरी, सुस्थितीतला आणि स्क्रीनला कंटाळलेला असतो. धाराशिव जिल्ह्यात मात्र बटणांचा फोन आठवणीत जमा झालेला नाही. शेतात, एसटीत, आठवडी बाजारात तो रोज वाजतो. त्यामुळे जुन्या यंत्रांची ओढ कशाची आहे आणि त्यांची नवी आवृत्ती काढायचीच तर ती कशी असावी, हा प्रश्न या जिल्ह्यातून पाहिला की अधिक स्पष्ट दिसतो.

भारतात पेजर १९९५ च्या सुमारास आला. निरोप देणारा केंद्राला फोन करी, तिथला ऑपरेटर शब्द टाइप करी आणि ते पेजरच्या अरुंद पट्टीवर उमटत. पेजरवरून उत्तर देता येत नसे. त्यासाठी एसटीडी बूथ गाठावा लागे. त्याच वर्षी ३१ जुलैला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, पण मिनिटाला सोळा रुपयांवर दर असल्याने डॉक्टर, दलाल, विक्रेते पेजरवरच भागवत. १९९९ च्या दूरसंचार धोरणानंतर मोबाईल स्वस्त होत गेला, २००३ मध्ये येणारा कॉल फुकट झाला आणि पेजरचा धंदा बसला. लोकांच्या कमरेचे पेजर तोपर्यंत बिघडले नव्हते. त्यांना निरोप पुरवणारी सेवा तेवढी बंद झाली.

ब्लॅकबेरीची कथा मोठी, पण शेवट तोच. कॅनडातल्या या कंपनीने १९९९ पासून हातात मावणाऱ्या यंत्रावर ई-मेल आणून दिला आणि दोन अंगठ्यांनी झरझर लिहिता येईल असा कीबोर्ड दिला. तिच्या संदेशांचे कुलूप इतके पक्के होते की ते उघडण्याची सोय मिळावी म्हणून २०१० मध्ये भारत सरकारने कंपनीला सेवा थांबवण्याचा इशारा दिला होता. ४ जानेवारी २०२२ रोजी कंपनीने जुन्या फोनांमागची सेवा थांबवली. त्या दिवशीही हजारो ब्लॅकबेरींची सगळी बटणे नीट चालत होती.

जुन्या यंत्रांची आठवण काढणारे बटणांविषयी बोलतात, आकाराविषयी बोलतात, टिकाऊपणाविषयी बोलतात. यंत्रामागच्या सेवेचा मालक कोण होता, हे फार थोडे जण विचारतात. नव्या आवृत्तीची चर्चा खरे तर तिथून सुरू व्हायला हवी.

पेजर हे मुख्यतः मोठ्या शहरांचे साधन होते. धाराशिवसारख्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात निरोपाचा मार्ग तार, टपाल, एसटीच्या वाहकाजवळ दिलेली चिठ्ठी आणि एसटीडी बूथ असा होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात आजच्या लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली सास्तूरसारखी गावे कोसळली, तेव्हा तिथल्या कोणाच्याही खिशात निरोपाचे यंत्र नव्हते. देशातला पहिला मोबाईल कॉल व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. या भागातली पुणे-मुंबईला कामाला गेलेली माणसे घरच्यांची खबर मिळेपर्यंत कशी राहिली असतील, हे ध्यानात घेतले की पुढच्या दशकात इथल्या लोकांनी मोबाईल इतक्या घाईने का घेतला ते कळते.

त्या दशकाचा फोन म्हणजे २००३ मध्ये आलेला नोकिया ११००. त्याची रचना भारतासारख्या देशांतला वापर समोर ठेवून केलेली होती. बटणांवर एकसंध रबरी आवरण होते, त्यामुळे फटींतून धूळ आत जात नसे. फोन ओल्या हातातूनही सहज निसटत नसे. डोक्यावर विजेरी होती. सीचे बटण दाबून धरले की उजेड पडे. ही विजेरी चैनीची नव्हती. महाराष्ट्रात शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळे, एका आठवड्यात दिवसा आठ तास, तर दुसऱ्यात रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बाऱ्यावर, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारातच जावे लागे. एका हातात खोरे आणि दुसऱ्या हातात हा फोन, असा तो वापर होता. जगभरात पंचवीस कोटींहून अधिक विकल्या गेलेल्या या फोनची बॅटरी, बीएल-५सी, आज त्याच्याहून जास्त टिकून आहे. त्याच मापाच्या बॅटऱ्या आजही स्वस्त बटणांच्या फोनांत आणि छोट्या रेडिओंत बसतात, तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि नखाने झाकण उघडून कोणीही बदलतो. ते माप एका कंपनीपुरते राहिले नाही, म्हणून ते वाचले.

या फोनवरचा सर्वांत जास्त वापरलेला निरोप अक्षरांत लिहिलेला नव्हताच. तो मिस कॉल होता. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे मोटार चालू कर, तीन म्हणजे फोन लाव. कोणता अर्थ कशाला, हे घराघरांत ठरलेले असे. भूम, वाशी, कळंब, परंडा या भागांतून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांत मुकादमाच्या फोनवर गावाकडचा मिस कॉल आला की तो कोणाच्या घरचा हे नंबरावरून ओळखले जाई. पैसा लागत नाही, लिहितावाचता यावे लागत नाही आणि निरोप पोहोचतो. पुण्याच्या ओसियन ॲग्रो ऑटोमेशनने याच सवयीवर ‘नॅनो गणेश’ हे उपकरण उभे केले. साध्या मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करणारे, वीज आहे की नाही हे सांगणारे हे उपकरण २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले. खेड्यात आज त्या जातीच्या सगळ्याच यंत्रांना मोबाईल स्टार्टर म्हणतात. जुन्या फोनची आधुनिक आवृत्ती काय असू शकते याचे इतके चोख उदाहरण दुसरे नाही: फोन तोच ठेवला आणि पलीकडच्या टोकाला काम वाढवले.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र जुना फोन मराठी माणसाला न्याय देत नव्हता, आणि आठवणी काढताना ही बाजू हमखास विसरली जाते. एका एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात. रोमन लिपीतले अक्षर ७ बिटांत बसते, म्हणून तिथे १६० अक्षरे मिळतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून मर्यादा ७० वर येते. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सारे वेगवेगळे मोजले जातात. ‘तुळजापूरला’ हा शब्द देवनागरीत दहा चिन्हांचा आणि रोमनमध्येही दहा अक्षरांचा, पण पहिल्याला १६० बिट लागतात आणि दुसऱ्याला ७०. निरोप सत्तरच्या पुढे गेला की एकाचे दोन एसएमएस होत आणि पैसेही दोनांचे जात. शिवाय पुष्कळ फोनांत देवनागरी नव्हतीच. तिच्या जागी चौकोन दिसत. म्हणून एका पिढीने आपली मराठी रोमन अक्षरांत लिहिली. साधे ‘येतो’ लिहायला ९ चे बटण तीनदा, ३ चे दोनदा, ८ चे एकदा आणि ६ चे तीनदा दाबावे लागे. ज्याला इंग्रजी अक्षरे येत नव्हती त्याला हा मार्गही बंद होता. मिस कॉल इतका रुजला त्यामागे काटकसरीइतकेच हेही कारण होते. फोनवर भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत हा नियम केंद्र सरकारने भारतीय मानक १६३३३ च्या आधारे लागू केला, तो थेट २०१६ नंतर. तोवर बटणांच्या फोनचा बहराचा काळ सरला होता.

मधल्या काळात मराठी एसएमएसवर एक गंभीर प्रयोग झाला आणि तो महाराष्ट्रातच झाला. २००७ मध्ये रॉयटर्स मार्केट लाइटने शेतकऱ्यांना बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला मराठी एसएमएसवर द्यायला सुरुवात केली. पाठोपाठ नोकियाने ‘लाइफ टूल्स’ ही सेवा २००८ च्या अखेरीस महाराष्ट्रात तपासून पाहिली आणि पुढच्या वर्षी बाजारात आणली. मार्केट लाइटचा परिणाम मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातल्या १०० गावांत तपासला. त्यांचा २०१२ चा निष्कर्ष असा, की संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्यांना इतरांपेक्षा लक्षणीय चढा भाव मिळाला नाही. हा निष्कर्ष धाराशिवच्या सोयाबीन उत्पादकाला नवा वाटणार नाही. लातूर किंवा बार्शीचा भाव कळला, तरी माल नेण्याचा खर्च, आडतीवरची उचल आणि घरातली पैशाची निकड बदलत नाही. संदेश माणसाला शहाणा करतो. बाजारातली त्याची जागा बदलायला आणखी बरेच काही लागते. तरीही त्या सेवा निरुपयोगी होत्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. आपल्या लिपीत, न मागता, सकाळी एक कामाची ओळ फोनवर यावी, ही अपेक्षा त्यांनीच निर्माण केली. नोकियाने आपली सेवा २०१३ अखेर बंद केली. फोन लोकांकडे होतेच.

हाच अनुभव पुन्हा आला तो जिओफोनच्या निमित्ताने. २०१७ मध्ये आलेला हा फोरजीचा बटणांचा फोन आणि २०१८ मध्ये त्यावर आलेले व्हॉट्सॲप, ही जोडी जुन्या यंत्राची खरी नवी आवृत्ती ठरू शकली असती. आवाजाचा निरोप, फोटो, गट, सारे बटणांवर चालत होते. २०२५ च्या सुरुवातीला त्या फोनवरचे व्हॉट्सॲप थांबले. पेजर, ब्लॅकबेरी, लाइफ टूल्स, जिओफोनवरचे व्हॉट्सॲप: चारही वेळा यंत्र धडधाकट होते आणि सेवेच्या मालकाने पाठ फिरवली. या काळात साधा कॉल आणि एसएमएस मात्र टिकले, कारण ते कोणा एका कंपनीचे नाहीत. कोणत्याही कंपनीच्या फोनवरून कोणत्याही कंपनीच्या सिमला ते जातात.

आता सरकारी कामाकडे पाहावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो ॲपमधून पाठवायचा आणि तो सातबाऱ्यावर नोंदवला जायचा. कल्पना चांगली आहे. पूर्वी ही नोंद तलाठ्याच्या सवडीवर होती. पण ॲप स्मार्टफोनशिवाय चालत नाही. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, म्हणून बटणांचा फोन असलेला शेतकरी पुतण्याला, शेजाऱ्याला किंवा गावातल्या एखाद्या पोराला विनवतो. स्वतःच्या शेतातले पीक सांगायला दुसऱ्याचा हात लागणे ही लहान गोष्ट नाही. उलट पैशाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने वेगळा मार्ग घेतला. ८ मार्च २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘यूपीआय १२३पे’मध्ये साध्या फोनवरून, इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात, आणि त्याच्या चार पद्धतींपैकी एक चक्क मिस कॉलची आहे. बँक व्यवहारासारखे नाजूक काम बटणांवर होऊ शकते, तर पिकाची नोंद झाली की नाही हे विचारण्याचे काम होऊ शकत नाही, हे पटण्यासारखे नाही.

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा आणि भूम भागात पाणी घरांत शिरले, माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. अशा वेळी वीज सर्वांत आधी जाते. दिवसभरात चार्जिंग संपवणारा फोन आणि चार-पाच दिवस तग धरणारा फोन यांतला फरक तेव्हा छपरावर बसलेल्या माणसाला कळतो. १९९३ मध्ये खिशात काहीच नव्हते. आज प्रत्येक घरात यंत्र आहे, पण ते जिवंत राहील याची खात्री नाही.

यावरून नव्या यंत्राची मागणी पुरेशी ठरते. बॅटरी काढता-घालता यावी आणि आठवडाभर चालावी. उन्हात वाचता येईल असा पडदा असावा. विजेरी असावी. बटणांवर देवनागरी असावी, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला मराठीत बोलून निरोप पाठवता यावा, आलेला निरोप ऐकता यावा. यातले एकही काम आजच्या तंत्राला अवघड नाही. अडते ते दुसरीकडे. शहरातला हौशी ग्राहक अशा फोनला चढी किंमत देईल आणि घरात स्मार्टफोनही ठेवील. धाराशिवच्या शेतमजूर बाईकडे तो एकच फोन असणार. म्हणून तिच्या फोनमागची सेवा कंपनीच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. महसूल, कृषी, पुरवठा आणि पीकविमा या खात्यांनी प्रत्येक ॲपच्या जोडीला एसएमएस आणि साध्या कॉलचा मार्ग ठेवावा, त्यावरची मराठी देवनागरीत असावी आणि तो मार्ग बंद करण्याआधी ग्रामसभेला विचारावे. एवढे बंधन राज्य सरकारने एका शासन निर्णयाने घालावे.