बटण

दिवाळीला दोन दिवस उरले असता आमच्या न्हाणीघरातले बटण मोडले. पाणी तापवायचा रॉड त्यावर चाले. घरात एक जुने बटण पडून होते. तेच बसवावे असे मनात आले. आमचे सोयगाव कापूस पिकवणारे. वर्षाची मिळकत जिथे पावसावर टांगलेली, तिथे काटकसर कुणाला शिकवावी लागत नाही.

वायरमनने ते बटण उलटून पाहिले. "काका, रॉड केवढा?"

"१५०० वॅटचा."

"मग २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढणार. हे बटण सहाचं. इथं सोळाचंच पाहिजे."

मेन स्विच पाडून, टेस्टर लावून त्याने बोर्ड उघडला. मोडलेले बटण आतून करपलेले होते. पण त्याची नजर दुसरीकडेच खिळली. "हे न्यूट्रलच्या तारेत कुणी जोडलं? बटण बंद केलं तरी रॉडपर्यंत फेज येतोच की!"

ते मीच जोडले होते. चार वर्षांपूर्वी, मजुरी वाचवायला. मी काही बोललो नाही. बटण बंद करून बादलीत बोट बुडवायचे नि पाणी पाहायचे, ही माझ्या आईची रोजची सवय. रॉडच्या नळीतले आवरण शाबूत होते, एवढेच आमचे नशीब.

तेव्हापासून एक प्रश्न सुटत नाही. मी वाचवलेले पैसे माझे होते. पण त्यासाठी पणाला लावलेला जीव माझा होता काय? स्वतः अर्धपोटी राहून पैसा राखणे ही काटकसर. दुसऱ्याला न विचारता त्याच्या जिवावर राखणे, याला काय म्हणावे? आणि गंमत अशी की, सुरक्षितपणा काही महाग नव्हता. बोर्ड तोच राहिला, रॉड तोच राहिला. नव्या बटणाला शंभराची नोटही पुरी मोडली नाही.

अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यातली. तिथे छतावरही, मान वर केल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, कारागिरांनी हात आखडता घेतलेला नाही. भिंतीतल्या दोन तारा तर कुणीच पाहत नाही. न दिसणाऱ्या जागी माणूस कसा वागतो, यावरच घरातल्यांचा विश्वास उभा असतो.

नरकचतुर्दशीला पहाटे आई सर्वांआधी उठली. बटण बंद झाल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकला. मग तिने बादलीत बोट बुडवले असणार. त्या वर्षी पहिल्यांदाच मी तिच्या आधी जागा होतो.